मुलांना पश्चात्ताप आणि क्षमा कशी शिकवावी : शब्बाथ शाळेच्या नव्या शिक्षकांसाठी

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमध्ये मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकाच्या वाट्याला पहिल्याच वर्षी केव्हातरी पश्चात्तापाचा धडा येतो, आणि बहुधा तो उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतच्या आठवड्यांत येतो. धड्यातला सिद्धांत तसा कठीण नाही. पण ज्या मुलाला अजून चपला नीट डाव्या-उजव्या पायांत घालता येत नाहीत, त्याच्यापुढे ‘पाप’ हा शब्द किती वेळा आणि कोणत्या सुरात उच्चारावा, हे ठरवताना भलेभले अडखळतात. पुढे दिलेला क्रम चार रविवारांचा आहे. वर्ग लहान असेल आणि मुले नियमित येत असतील तर तो चार आठवड्यांत पुरा होतो. अन्यथा पाच-सहा आठवडे घेण्यास काहीच हरकत नाही.

शिकवण्यापूर्वीची तयारी

आपल्या मंडळीची रीत प्रथम समजून घ्यावी. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पापकबुलीची प्रार्थना बहुधा उपासनेत सर्वांनी मिळून म्हटली जाते आणि एरवी प्रत्येकाने ती देवापुढे एकट्याने करावी, अशी शिकवण असते. कॅथलिक चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्कार आहे, ज्याला गोव्याकडे कुमसार म्हणतात; तेथे मूल धर्मगुरूपुढे पापनिवेदन करते आणि धर्मगुरू त्याला देवाच्या क्षमेचे शब्द ऐकवतो. पोप दहावे पायस यांनी 1910 साली काढलेल्या आदेशानुसार साधारण सात वर्षांचे, म्हणजे समज आलेले मूल या संस्कारास आणि प्रथम ख्रिस्तप्रसादास पात्र समजले जाते. आपण ज्या मंडळीत शिकवतो तिच्या पाळकांशी किंवा फादरांशी या विषयावर अर्धा तास बोलून घ्यावे, म्हणजे वर्गात एक आणि वेदीवरून दुसरेच, असे होत नाही.

दुसरी तयारी वयाची. चार ते सहा वर्षांच्या मुलांना ‘मी चुकलो’ एवढे कळते, पण चुकून सांडलेले दूध आणि मुद्दाम सांडलेले दूध यांतला भेद त्यांच्या मनात पुष्कळदा पक्का झालेला नसतो. त्यांच्याकडून कबुली काढण्याच्या फंदात पडू नये. सात ते दहा वर्षांच्या मुलांना न्यायाची फार चाड असते, आणि ‘त्याने आधी मारले’ हे त्यांचे आवडते वाक्य असते. अकरा वर्षांपुढील मुले मात्र गप्प बसतात. हा क्रम मुख्यतः मधल्या गटासाठी आहे. लहानांसाठी त्यातल्या गोष्टी तेवढ्या घ्याव्यात आणि मोठ्यांसाठी शेवटी थोडे लिहिले आहे.

साहित्याचा एक इशारा येथेच देतो. रंगीत पानांची चित्रे वापरून तारणाचा संदेश सांगण्याची एक जुनी मिशनरी पद्धत आहे, जिच्यात काळे पान म्हणजे पापाने भरलेले हृदय आणि पांढरे पान म्हणजे शुद्ध झालेले हृदय असते. आपल्याकडे सावळ्या मुलीला शेजारीपाजारीही रंगावरून टोमणे मारतात. अशा मुलीसमोर काळे पान धरून ‘हे पाप’ असे म्हणणे मला तरी पटत नाही. शास्त्राचा आधार हवाच असेल तर यशया संदेष्ट्याने पापाला काळे म्हटलेले नाही. ‘तुमची पातके लाखेसारखी लाल असली तरी ती बर्फासारखी पांढरी होतील’, असे पहिल्या अध्यायाच्या अठराव्या वचनात आहे.

पहिला रविवार : आधी बाप, मग पाप

बहुतेक पुस्तकांत पाप, शिक्षा, पश्चात्ताप आणि शेवटी क्षमा असा क्रम असतो. मुलांसाठी तो उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलाला आपल्याला क्षमा मिळणार आहे याची खात्री नाही, ते कबुली देत नाही. ते लपवायला शिकते, आणि चांगले लपवायला शिकते. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा आणि पुढे येशूचाही पहिला संदेश ‘पश्चात्ताप करा’ असाच होता, हा आक्षेप येथे कोणी घेईल. पण ते वाक्य तेथे संपत नाही. ‘कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’, असे कारण त्याला लागलीच जोडलेले आहे. काहीतरी चांगले जवळ आले आहे, म्हणून वळायचे आहे.

म्हणून पहिल्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेलेल्या आणि सगळे उधळून कंगाल झालेल्या मुलाची गोष्ट घ्यावी. ती सांगताना मुलाच्या उधळपट्टीवर फार वेळ घालवू नये, कारण मुलांना तो भाग रंगतदार वाटतो आणि तेवढाच लक्षात राहतो. डुकरांचा प्रसंग मात्र सावकाश सांगावा. यहुदी लोक डुकराला अशुद्ध मानत, आणि हा मुलगा केवळ डुकरे चारत नव्हता, तर डुकरे खात असलेल्या शेंगांनी पोट भरावे असे त्याला वाटू लागले होते, हे समजावल्यावर वर्गात शांतता पसरते. त्यानंतर त्याने परतीच्या वाटेसाठी मनात जुळवलेले भाषण मुलांकडून दोनदा म्हणवून घ्यावे : मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एका चाकरासारखे ठेवा. मग घरी पोहोचल्यावर तो प्रत्यक्षात किती बोलतो, हे एकविसाव्या वचनात मुलांना शोधायला सांगावे. चाकराचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप चाकरांना हाका मारून झगा, अंगठी आणि जोडे मागवू लागलेला असतो. हे मुलांनी स्वतः शोधून काढले की त्यांना फार आनंद होतो. शिक्षकाने आधी सांगून टाकल्यास त्यातली मजा जाते.

या दिवशी एकच प्रश्न विचारावा : बापाने त्याला कधी पाहिले? ‘तो दूर आहे तोच’ हे उत्तर वचनातच आहे. दूर असलेला माणूस दिसला याचा अर्थ कोणीतरी वाटेकडे डोळे लावून बसले होते, हे मुले आपणहून म्हणतात. धाकट्याच्या स्वागतावर रागावून बाहेरच राहिलेल्या थोरल्या भावाचा भाग मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा. तो शेवटी मेजवानीला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही, आणि शिक्षकानेही सांगू नये.

दुसरा रविवार : वळणे आणि भरून देणे

पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणे, असा मुलांचा समज असतो आणि मोठ्यांचाही असतो. तो दूर करण्यासाठी जक्कयासारखी गोष्ट नाही. यरीहोचा हा मुख्य जकातदार ठेंगणा होता, गर्दीमुळे त्याला काही दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, इतके सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे झाडावर दहा मिनिटे घालवू नयेत. लक्ष द्यायचे ते प्रसंगांच्या क्रमाकडे. जक्कयाने अजून कोणाचा एक पैसाही परत केलेला नाही, आणि येशू त्याला म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याची गोष्ट जक्कय त्यानंतर काढतो.

येथे फळ्यावर थोडे गणित मांडावे, कारण सात ते दहा वर्षांच्या मुलांना आकडे आवडतात. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील नियमशास्त्रानुसार, अन्यायाने घेतलेले परत करताना मूळ वस्तूवर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागे. म्हणजे शंभर रुपये घेतले असतील तर एकशेवीस. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाप्रमाणे चार मेंढरे. जक्कय आपणहून कबूल करत होता, तरीही त्याने एकशेवीसवर न थांबता चारशे देऊ केले. ‘का बरे?’ असे विचारून गप्प राहावे. ‘कारण तो खूश होता’ हे उत्तर एखादे मूल तरी देतेच, आणि त्यापेक्षा चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर मुलांनी आपल्या आयुष्यातली भरपाई कशी दिसते, ते सांगावे. वही फाडली तर नवी वही आणणे किंवा पाने चिकटवून देणे; एखाद्याविषयी खोटे सांगितले तर ज्यांच्यापुढे सांगितले त्यांच्यापुढेच जाऊन खरे सांगणे; बहिणीचा वाटा खाल्ला तर उद्याचा आपला वाटा तिला देणे. खोटे परत घेणे हे सर्वांत अवघड काम असते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

वर्गातच भांडण झाले तर

हा धडा चालू असताना भांडण होणारच, आणि ते झाले तर धडा बाजूला ठेवून त्याकडे वळावे. समजा, एकाने दुसऱ्याचा रंगखडू न विचारता घेतला आणि तो मोडला. अशा वेळी ‘सॉरी म्हण बरे त्याला’ असे फर्मावण्याचा मोह होतो. मूल खाली बघत ‘सॉरी’ म्हणते, दुसऱ्याला लगेच ‘इट्स ओके’ म्हणायला लावले जाते, आणि दोन्ही मुले खोटे बोलायला शिकतात. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

दोघांना सर्वांदेखत न विचारता व्हरांड्यात न्यावे आणि खाली बसून, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर येऊन बोलावे. ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याला मुलाकडे सबबीशिवाय उत्तर नसते. ‘काय झाले?’ असे विचारावे. ‘टीचर, खडू मोडला’, असे उत्तर येईल. ‘कोणी मोडला?’ येथे थांबावे. मुलाला वेळ लागतो. ‘मी मोडला’, हे दोन शब्द आले की कबुली झाली. त्याच क्षणी त्याचे आभार मानावेत आणि मागची उजळणी करू नये. मग ‘आता याचे काय करू या?’ असे विचारून भरपाई त्याच्याकडूनच सुचवून घ्यावी. ज्याचा खडू मोडला त्याला ‘तुला अजून राग आहे का?’ असे विचारावे आणि तो ‘हो’ म्हणाला तर ते मान्य करावे. क्षमा करायला त्याला संध्याकाळ लागली, पुढचा रविवार लागला, तरी चालेल. तोवर त्याने बदला घ्यायचा नाही, एवढेच त्याच्याकडून मागावे.

तिसरा रविवार : किती वेळा?

पेत्र या शिष्याने येशूला विचारले की भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय? ‘साताच्या सत्तर वेळा’ या उत्तरावर मुले तत्काळ गुणाकार करून चारशे नव्वद सांगतात, आणि चारशे एक्याण्णवाव्या वेळी काय, असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. उत्तर म्हणून मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराची गोष्ट सांगावी, कारण येशूनेही तेच केले. राजाने ज्याचे प्रचंड कर्ज सोडले तोच चाकर सोबतीच्या चाकराला लहानशा कर्जासाठी तुरुंगात टाकतो, अशी ती गोष्ट आहे.

या गोष्टीतील आकडे समजल्याशिवाय तिची धार कळत नाही. मूळ ग्रीक मजकुरात पहिल्या चाकराचे ऋण दहा हजार तालांत आणि त्याच्या सोबतीच्या चाकराचे ऋण शंभर दीनार आहे. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. फळ्यावर गुणाकार करून घ्यावा : पहिल्याचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. वर्षाला तीनशे दिवस काम केले तरी ते फेडायला दोन लाख वर्षे लागली असती. दुसऱ्याचे कर्ज शंभर दिवसांचे, म्हणजे सुमारे चार महिन्यांच्या कामाचे. योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या नोंदीनुसार हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून मिळून वर्षाला दोनशे तालांत मिळत. म्हणजे राजाने त्या चाकराला अशा एका राज्याचा पन्नास वर्षांचा वसूल सोडून दिला होता. ‘मला वागवून घ्या, म्हणजे मी सर्व फेडीन’, असे तो चाकर म्हणतो तेव्हा आता मुले हसतात, आणि हसावे अशीच ती जागा आहे. मात्र शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नाही, हेही सांगावे. मुलांचे जे नुकसान झाले ते खरे असते, आणि ‘त्यात काय एवढे’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे.

याच रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीवर क्षणभर थांबावे. रोज म्हणून गुळगुळीत झालेल्या या ओळीत कर्जाचा हिशेब आहे, हे गणित ताजे असताना मुलांच्या ध्यानात येते.

जेथे क्षमेचा धडा थांबवावा लागतो

नव्या शिक्षकाने हा भाग दोनदा वाचावा. ‘बाबा दारू पिऊन मारतात, त्यांना पण माफ करायचे का?’ असा प्रश्न एखाद्या वर्गात येतो. कधी मूल प्रश्न विचारत नाही, नुसते गप्प होते. अशा मुलाला ‘साताच्या सत्तर वेळा’ ऐकवणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. दोष उघडपणे सांगणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही, ते तिच्या आधीचे पाऊल आहे. मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे की तुझी चूक नाही, तू सांगितलेस हे बरे केलेस, आणि तुला सुरक्षित ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे. कोणालाही सांगणार नाही, असे वचन त्याला कधीही देऊ नये.

मुलांच्या मदतीसाठी 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. तो वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आरोप मंडळीतल्याच एखाद्या वजनदार व्यक्तीवर असला, तरी ‘आपण ख्रिस्ती आहोत, आपसांत क्षमा करू’ म्हणून तो मिटवता येत नाही. क्षमा करायची की नाही आणि केव्हा, हे त्या मुलाने मोठे झाल्यावर ठरवायचे आहे.

चौथा रविवार : पापकबुलीची प्रार्थना

या दिवशी बोलणे कमी ठेवावे. मुलांनी भिंतीकडे तोंड करून किंवा डोळे मिटून दोन मिनिटे शांत बसावे आणि मनातल्या मनात देवाला तीन गोष्टी सांगाव्यात : मी काय केले, मला त्याचे काय वाटते, आणि मी आता काय करणार आहे. पाप चिठ्ठीवर लिहून ती क्रूसावर खिळण्याचा किंवा जाळण्याचा कार्यक्रम काही ठिकाणी करतात. लहान मुलांसमोर विस्तव नकोच, आणि चिठ्ठ्या कोणी वाचणार नाही याची मुलांना खात्री वाटत नसल्याने ती चिठ्ठीत खरे लिहीत नाहीत. ‘मी आईचे ऐकत नाही’ असे एकच पाप सगळ्या वर्गाने केलेले आढळते.

त्यानंतर योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन शिक्षकाने मोठ्याने वाचावे. देव विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून तो क्षमा करील, असे त्यात आहे. तुम्ही किती रडलात यावर ते अवलंबून नाही. ज्यांना रडू आले नाही त्या मुलांना हे ऐकण्याची गरज असते. वेळ असेल तर मुलांना अंगणात न्यावे, पूर्व-पश्चिम दाखवावी, दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे करावे आणि एकाला पूर्वेकडे, दुसऱ्याला पश्चिमेकडे चालत जायला सांगून एकशेतिसाव्या नव्हे, तर एकशेतिसऱ्या स्तोत्राचे बारावे वचन म्हणावे : पश्चिमेपासून पूर्व जितकी दूर आहे, तितके देवाने आमचे अपराध आमच्यापासून दूर केले आहेत. कुंपण आडवे येते आणि मुले ‘अजून पुढे जायचे का?’ असे ओरडून विचारतात.

कॅथलिक मुलांची प्रथम पापनिवेदनाची तयारी याच सुमारास चालू असेल तर त्यांना ती जागा आधी दाखवून आणावी, फादरांपुढे काय म्हणायचे ते सरावाने म्हणवून घ्यावे, पण सरावात खरी पापे सांगू देऊ नयेत. धर्मगुरू तेथे ऐकलेले कोणालाही, आईवडिलांनाही, सांगू शकत नाही, हे मुलांना स्वच्छ सांगावे.

मुले जे प्रश्न विचारतात

‘देवाने क्षमा केली तर मग आईने शिक्षा का केली?’ क्षमा म्हणजे नाते परत जुळणे. फुटलेली काच मात्र भरून द्यावीच लागते, असे सांगावे. ‘मी पुन्हा तेच केले तर?’ पुन्हा परत यावे. पेत्राच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही लागू आहे. ‘तो सॉरी म्हणतच नाही, तर?’ आपण आपल्याकडून राग सोडू शकतो, पण मैत्री एकट्याने जुळत नाही. यापेक्षा लांब उत्तरे मुले ऐकत नाहीत.

अकरा वर्षांपुढील मुलांसाठी पेत्र आणि यहूदा यांची तुलना करून पाहावी, पण मुलांची मनःस्थिती ओळखून. दोघांनी एकाच रात्री येशूला दगा दिला आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले. यहूदाने निराशेत जीव दिला, पेत्र मात्र इतर शिष्यांत परत आला. योहानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ उभा राहून तीनदा नाकारतो, आणि एकविसाव्या अध्यायात, समुद्राच्या काठी, पुन्हा कोळशाच्याच विस्तवाजवळ त्याला तीनदा विचारले जाते की तू माझ्यावर प्रीती करतोस काय? हे जुळवून पाहायला मुलांना दोन्ही अध्याय समोरासमोर उघडून द्यावेत. यहूदाच्या मरणाचा तपशील वर्गात चघळू नये. एखादे मूल त्याच विषयावर पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्याशी एकांतात बोलावे आणि पालकांना व पाळकांना सांगावे.

पालकांशी एकदा तरी बोलणे आवश्यक आहे. धडा संपल्यावर घरी ‘शब्बाथ शाळेत काय शिकवले? देव बघतोय ना?’ अशा धमक्या सुरू झाल्या तर चार रविवारांचे काम एका संध्याकाळी वाया जाते. पालकांकडून एवढेच मागावे की या आठवड्यात आपण मुलावर विनाकारण ओरडलो असू, तर ‘माझे चुकले, मी तुझ्यावर उगाच रागावलो’, असे त्याला सरळ सांगावे, आणि त्यामागे ‘पण तूही’ असे जोडू नये.